पावसाळा, मधुमेह आणि चिखल्या: सासऱ्यांच्या पायाचं काय करू?

पाऊसवेडी | सोमवार, रात्री १०:४०

आम्ही लालबागला चाळीत राहतो. सासरे ६८ वर्षांचे, मधुमेह जुना, गोळ्या चालू आहेत. पाऊस लागला की दरवर्षी त्यांच्या पायाच्या बेचक्यांत चिखल्या होतात. यंदा त्या आहेतच, शिवाय जांघेत दोन्हीकडे तपकिरी-लालसर चट्टे पडलेत आणि रात्रभर खाजवत बसतात. हे मला नवऱ्याकडून कळलं, सुनेला कोण सांगणार!

नाक्यावरच्या केमिस्टने एक ट्यूब दिली आहे. लावली की चार दिवस छान, थांबवली की चट्टा आधीपेक्षा मोठा. खोक्यावर बघितलं तर क्लोबेटासॉल, ऑफ्लॉक्सॅसिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन अशी चार नावं आहेत. उन्हाळ्यापासून हेच चालू आहे.

डाव्या करंगळीशेजारच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून चीर गेली आहे. खोल वाटते. पण ते म्हणतात दुखत नाही, मग डॉक्टर कशाला? शुगर कधी तपासली विचारलं तर "दिवाळीच्या सुमारास". हिंदमाताला पाणी भरलेलं असलं तरी पिशवी घेऊन भाजीला निघतात.

हे त्वचेच्या डॉक्टरांचं काम की मधुमेहाच्या? आणि तोवर घरी काय करावं, काय करू नये?

कडूकारलं | सोमवार, रात्री ११:०५

ताई, चीर आहे आणि दुखत नाही म्हणतात, ह्याचीच जास्त काळजी करा. चीर गेली की दुखायला हवं. दुखत नसेल तर पायाची संवेदना गेली असण्याची शक्यता आहे.

मी बोरिवलीचा, टाइप टू. मला मधुमेह आहे ही बातमी मुळात खाजेनेच दिली. लघवीच्या जागी पुढच्या कातडीला लाली, बारीक चिरा, पांढुरका थर. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी एक नजर टाकली आणि मलम लिहायच्या आधी साखर तपासायला पाठवलं. जेवणानंतरची तीनशेच्या वर! तोवर मी बायकोच्या नजरेला नजर देत नव्हतो, कारण मला वाटत होतं हा काहीतरी "तसला" आजार आहे आणि तिलाही तेच वाटत होतं. बुरशी निघाली. कॅन्डिडा. दोघांनाही औषध दिलं. साखर खाली आली तशी ती जी गेली ती परत आली नाही.

पन्नाशीच्या आसपासच्या पुरुष सभासदांनो, असं काही होत असेल तर गुगल करत बसू नका, रक्त द्या.

पार्लेपुडा | मंगळवार, सकाळी ७:२०

आमच्याकडे आजी चिखल्यांना तुरटीच्या पाण्यात पाय बुडवायला लावायची. कडकडीत गरम पाणी, चिमूटभर मीठ, तुरटी आणि वरून कडुलिंबाचा पाला. नंतर एरंडेलात हळद कालवून बेचक्यात भरायची. आठवड्यात साफ. गळू आलं तर गव्हाच्या पिठाचं पोटीस. ह्या ट्यूबा वगैरे नंतर आल्या. काकांना करून बघा, अपाय तर नाही ना.

जुनी_सिस्टर | मंगळवार, सकाळी ८:०२

पार्लेपुडा, अपाय आहे. आजींच्या पायाला चटका कळत होता. काकांना कदाचित कळणार नाही.

पालिकेच्या रुग्णालयात सर्जिकल वॉर्डात माझी नोकरी गेली. दर पावसाळ्यात असे रुग्ण यायचे. चिखल्या झाल्या म्हणून घमेल्यात गरम पाणी, त्यात पाय, समोर टीव्ही. पाणी किती गरम आहे ते पायाला कळतच नाही. बाहेर काढला तर तळव्याची साल सुटलेली. मूळ दुखणं चिखल्यांचं, वॉर्डात भरती भाजल्यामुळे. पोटिसाचंही तेच. मधुमेह असलेल्याने पाय शेकायचा नाही, गरम पाण्याच्या पिशवीनेही नाही. धुवायचं पाणी कोमट, आणि ते कोपर बुडवून दुसऱ्या कुणीतरी बघायचं.

एरंडेल बेचक्यात भरायचं नाही. बेचकं कोरडं ठेवायचं आहे, आपण त्यात ओल कोंडतोय. तेल किंवा क्रीम तळव्याला आणि टाचेला लावा, तिथल्या भेगांसाठी ते हवंच. बोटांच्या मध्ये नको.

पाऊसवेडी, आज संध्याकाळी चांगल्या उजेडात त्यांचे दोन्ही पाय बघा. प्रत्येक बेचकं बोटाने उघडून. तळवा दिसत नसेल तर खाली आरसा धरा. लाली वर पावलाकडे सरकते आहे का, पाय एका बाजूने गरम लागतो का, घाण वास येतो का, जांघेत अवधाण (गाठ) आलंय का. ह्यातलं एकही "हो" असेल तर उद्याची वाट बघू नका.

सालपट | मंगळवार, दुपारी २:३०

(व्यवसायाने त्वचारोगतज्ज्ञ. इथे निदान करत नाही, करताही येत नाही. पण वरचं वर्णन ओपीडीत रोज ऐकते, म्हणून सविस्तर लिहिते.)

आधी ती ट्यूब. क्लोबेटासॉल हे लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. जांघेची कातडी पातळ, त्यात जागा दमट, तिथे ते लावायचं नसतंच. स्टेरॉइड म्हणजे कातडीच्या पहारेकऱ्याला झोपेची गोळी. लाली जाते, खाज थांबते, माणूस खूश होतो, आणि आत बुरशीला रान मोकळं. ट्यूब बंद केली की पहारेकरी जागा होतो आणि एकदम आरडाओरडा करतो, म्हणून चट्टा तुम्हाला "आधीपेक्षा मोठा" वाटतो. महिनोन्महिने लावलं की जांघेत कातडी विरते, लाल-पांढरे ओरखडे उमटतात, ते जात नाहीत. शिवाय गजकर्णाचं नेहमीचं रूप बदलतं. गोल कडा दिसेनाशी होते, मग आम्हालाही बघताक्षणी ओळखू येत नाही. काकांना सांगा, ट्यूब आज बंद. काही दिवस खाज वाढेल, ती अपेक्षितच आहे.

आणि ही एकट्या काकांची गोष्ट नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे गजकर्णाची साथच आली आहे. पूर्वी दोन-तीन आठवडे साधं मलम लावलं की जायचं, आता महिने घेतं. ह्यामागे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची बुरशी आहे. २०२० मध्ये तिला हे नाव मिळालं आणि टर्बिनाफिन ह्या बुरशीच्या औषधाला ती बऱ्याचदा दाद देत नाही. २०२३ मध्ये न्यूयॉर्कलाही तिचे रुग्ण सापडले. ती इतकी का माजली ह्याचं एक मोठं कारण ह्या चार-चार औषधांच्या खिचडी ट्यूबा, असं आमच्यातल्या बहुतेकांचं मत आहे. माझंही.

आता जांघेतलं नेमकं काय? तीन गोष्टी तिथे एकसारख्या दिसतात.

गजकर्ण: कडेला उठावदार, खवले असलेली, मध्ये जरा निवळलेलं. मांडीवर पसरतं, वृषणाची कातडी बहुधा सोडून देतं. खाज जबरदस्त.

कॅन्डिडा: लालभडक, ओलसर, घडीच्या अगदी तळाशी. मुख्य चट्ट्याच्या बाहेर बारीक लाल पुटकुळ्या विखुरलेल्या. हा वृषण सोडत नाही. खाजेपेक्षा आग जास्त. स्तनांखाली, पोटाच्या वळीखाली, काखेतही हाच.

तिसरा बहुतेकांनी ऐकलेलाच नसतो. एरिथ्राझ्मा. ही बुरशी नाहीच, हा जिवाणू आहे, कोरिनेबॅक्टेरियम मिनुटिसिमम. तपकिरी, सपाट, बारीक सुरकुतलेला चट्टा. जांघेत, काखेत आणि, नीट वाचा, पायाच्या शेवटच्या दोन बेचक्यांत. मधुमेह, जाडी, वय आणि आपल्यासारखी दमट हवा असली की जास्त. वुड्स लॅम्प नावाचा दिवा अंधारात धरला की हा पोवळ्यासारखा लाल चमकतो. बघायला मजा येते, रुग्णालाही दाखवते मी. फक्त सकाळी साबणाने घासून आलेल्या माणसात ती चमक धुऊन गेलेली असते, म्हणून डॉक्टरकडे जायच्या दिवशी ती जागा धुऊ नका. ह्याला जिवाणूवरचं औषध लागतं. बुरशीचं मलम लावत राहिलात तर काहींना थोडा फरक पडतो आणि बऱ्याच जणांना वर्ष निघून जातं.

म्हणून म्हणते, तुमच्या "तपकिरी-लालसर" शब्दावरून मी काहीच ठरवणार नाही. कडेचा कोंडा ब्लेडने हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. ही तपासणी स्वस्त आहे आणि बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी होते. केईएम, नायर, सायन, जेजे, चारही रुग्णालयांत त्वचा विभाग आहेत. सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढायचा. लालबागहून केईएम तुम्हाला चालत.

साखरेचा संबंध काय, हे कुणीतरी विचारणारच. रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूंपाशी पोचून त्यांना गिळतात. साखर सतत चढी असेल तर त्या सुस्तावतात, पोचायला उशीर आणि मारायलाही. बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्या असतात, त्यामुळे पायापर्यंत रक्त आणि औषध दोन्ही कमी पोचतं. नसा बधिर म्हणून जखम कळत नाही. पायाला घाम येणं कमी होऊन तळवा कोरडा पडतो, फुटतो. आणि लघवीत साखर उतरली की त्या भागातल्या कॅन्डिडाला आयतंच जेवण. म्हणून मलम एकीकडे आणि साखर दुसरीकडे असं चालत नाही. दिवाळीपासून तपासलेली नाही, तर एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी) आधी करा.

त्वचेचे डॉक्टर की मधुमेहाचे, ह्याचं उत्तर: दोन्ही, त्याच आठवड्यात.

लोकलमधलाभिडू | मंगळवार, दुपारी ३:१५

वाचून घाम फुटला. म्हणजे बुरशीला अजून खाद्य.

गोळीवाला | मंगळवार, रात्री ९:५०

गिरगावात दुकान आहे, तिसरी पिढी. केमिस्टला शिव्या बसणार हे धागा उघडतानाच कळलं होतं. थोड्या रास्त आहेत.

२०१८ मध्ये सरकारने लावायच्या स्टेरॉइडची बरीच मलमं शेड्यूल एचमध्ये घातली. म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. त्याच्या आधी २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खूप मिश्रणांवर बंदी आली, काही कंपन्या कोर्टात गेल्या, नावं बदलून काही मिश्रणं पुन्हा बाजारात आली. कायदा आहे. पण संध्याकाळी आठ वाजता काउंटरवर माणूस उभा राहतो, "ती लाल-पांढरी ट्यूब द्या, जांघेला लावायची". मी नाही म्हटलं की पाच दुकानं सोडून मिळते आणि वर मला ऐकवतो की तुमच्याकडे काहीच नसतं. डॉक्टरची फी आणि रांग टाळायची म्हणून लोक येतात. ट्यूब त्या मानाने स्वस्त पडते.

पण मला जे सांगायचं आहे ते वेगळं आहे. मधुमेहींनी बुरशीची गोळी घेताना आपल्या सगळ्या गोळ्यांची पट्टी घेऊन जा, तोंडी सांगू नका. फ्लुकोनाझोल आणि ग्लिमेपिराइड ही जोडी बघा. आपल्याकडे साखरेच्या बऱ्याच चिठ्ठ्यांवर ग्लिमेपिराइड असतं. फ्लुकोनाझोल त्याचा निचरा अडवतं, रक्तातलं प्रमाण वाढतं आणि साखर धाडकन खाली येते. त्वचेच्या डॉक्टरांना साखरेची गोळी माहीत नसते, साखरेच्या डॉक्टरांना खाजेची गोळी सांगितलेली नसते, आणि म्हातारा माणूस दुपारी घाम सुटून खाली बसतो. घरच्यांना वाटतं ऊन लागलं.

इट्राकोनाझोल ह्या बुरशीच्या दुसऱ्या औषधाची तऱ्हा निराळी. कॅप्सूल पोटातल्या आम्लात विरघळते, म्हणून भरल्या पोटी घ्यायची. पण काकांसारखे लोक सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची पॅन्टोप्राझोल घेतात, वर अँटॅसिड पितात. आम्लच नाही तर कॅप्सूल शोषली जाणार कशी? मग "औषधाला गुण नाही". आणि कोलेस्टेरॉलसाठी अॅटॉर्व्हास्टॅटिन चालू असेल, किंवा हृदय अशक्त असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. हृदय अशक्त असणाऱ्याला ती सहसा देत नाहीत.

कॉर्न कॅप पण चिठ्ठीशिवाय खपतात. त्यात सॅलिसिलिक आम्ल असतं, कुरुपासकट भोवतालची कातडीही खातं. मधुमेहींना मी विकत नाही. गजकर्णाच्या जुन्या जहाल मलमांचंही तेच.

निनावी_बाई | मंगळवार, रात्री ११:३०

वेगळ्या आयडीने लिहिते आहे. वय ५४. स्तनांखाली आणि पोटाच्या घडीत ते वर लिहिलंय तसं लालभडक, ओलं. उन्हाळ्यात सुरू झालं. शिवाय खाली वारंवार खाज आणि पांढरं जाणं. ह्या वर्षी डॉक्टरांनी साखरेची गोळी बदलली, डापाग्लिफ्लोझिन आहे. साखर छान आली, वजनही थोडं उतरलं, पण हा त्रास तेव्हापासूनच. गोळीचा संबंध असेल का? घरी दोन मुलगे आणि नवरा, बोलणार कुणाशी. ट्रेनमध्ये उभं राहिलं की अंगभर घामाने चिकचिक होते आणि ऑफिसला पोचेपर्यंत रडू येतं.

सालपट | बुधवार, सकाळी ७:४५

निनावी_बाई, संबंध आहे आणि तो माहीत असलेला आहे. ह्या गटातली औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, ते त्यांचं कामच आहे. ती साखर खालच्या भागात रेंगाळते आणि कॅन्डिडा माजतो. बायकांमध्ये जास्त. २०२० मध्ये पेटंट संपल्यावर डापाग्लिफ्लोझिन आपल्याकडे स्वस्त झालं, तेव्हापासून हे ओपीडीत खूप वाढलं आहे. औषध चांगलं आहे, हृदय आणि मूत्रपिंडाला त्याचा फायदा होतो, म्हणून स्वतःहून बंद करू नका. लिहून देणाऱ्याला सांगा. बऱ्याच जणींना बुरशीचा एक कोर्स, प्रत्येक वेळी लघवीनंतर पाण्याने धुऊन टिपून कोरडं करणं एवढं पुरतं. पुन्हा पुन्हा होत असेल तर ते गोळी बदलतील.

एक मात्र सगळ्यांसाठी. ह्या गोळ्यांवर असताना गुप्तांग आणि गुदद्वाराच्या मधल्या भागात जोरात दुखणं, सूज, लाली आणि ताप आला तर रात्र काढायची नाही. फोर्नियर्स गँगरीन, म्हणजे तिथला भाग झपाट्याने सडवणारा संसर्ग. अतिशय क्वचित होतो, पण २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्याबद्दल इशारा दिला आहे आणि तो झाला तर तासांचा हिशेब असतो.

स्तनांखालची घडी: आंघोळीनंतर टिपून घ्या, घासू नका. घडीत मऊ सुती कापडाची पट्टी ठेवा, ओली झाली की बदला. ब्रा पूर्ण वाळलेलीच घाला, आणि हे मुंबईच्या जुलैत म्हणणं किती सोपं आहे ते मला माहीत आहे. दमट कपडे पंख्याखाली वाळवून वर इस्त्री फिरवा. सुगंधी पावडर थापू नका, ओलीत तिचे गोळे होऊन घासतात.

आणि बाई डॉक्टरकडेच जायचं असेल तर तसं सांगून नंबर लावा. कुणी काही म्हणत नाही.

लोकलमधलाभिडू | बुधवार, दुपारी १:१०

माझं मार्केटिंगचं काम. सकाळी विरार, मग भाईंदर, अंधेरी, कुर्ला. पावसात बूट एकदा भिजले की रात्रीपर्यंत तसेच. मधुमेह ४१ व्या वर्षी निघाला. माझा त्रास बुरशीचा नाही, गळवांचा. मानेमागे, केस जिथे संपतात तिथे. एक बसतं, दुसरं उठतं. मागच्या महिन्यात तर चार-पाच तोंडं असलेलं मोठं आलं, मान वळवता येईना. सलूनमध्ये मानेवर वस्तरा फिरवतात त्यामुळे असेल का? आई म्हणते उष्णता. आंबे खाल्ले म्हणून.

जुनी_सिस्टर | बुधवार, दुपारी २:००

आंब्याने साखर वाढली असेल, तेवढं आईचं बरोबर.

अनेक तोंडांचं मानेवरचं गळू हे मधुमेहाचं अगदी ठरलेलं दुखणं. काळपुळी म्हणायचे आमच्याकडे. ते पिळायचं नाही, सुई टोचायची नाही. आतल्या आत पसरतं. सर्जनकडे जाऊन चिरून पू काढावा लागतो आणि पू तपासणीला पाठवायचा, कारण नेहमीची अँटिबायोटिक्स न चालणारा स्टॅफ नावाचा जंतू हल्ली रुग्णालयाबाहेरही सापडतो. नाकाभोवती आणि वरच्या ओठावरची पुळी तर अजिबात फोडायची नाही.

वस्तरा बंद करा. मशीनने कापायला सांगा, नवं ब्लेड असलं तरी मानेवर नको. वारंवार येत असेल तर हा जंतू बऱ्याचदा आपल्याच नाकपुडीत राहतो, डॉक्टर त्यासाठी नाकात लावायचं मलम देतात. टॉवेल स्वतःचा वेगळा ठेवा.

जाता जाता: चौपाटीवर, स्टेशनाबाहेर कान कोरून देणारे असतात. मधुमेह असलेल्याने तिकडे फिरकू नका. बारीकसा ओरखडा, त्यात पाणी, आणि सुडोमोनास नावाचा जंतू शिरला तर कानाच्या हाडापर्यंत जातो. कान ठणकून रात्री झोप लागत नसेल आणि साखर जास्त असेल तर कानात तेल न टाकता कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा.

कडूकारलं | बुधवार, दुपारी २:२०

सिस्टर, तुम्ही कॉलम लिहा हो. आणि भिडू, बूट दोन जोड ठेव. एक दिवस एक, दुसरा दिवस दुसरा, आत वर्तमानपत्र कोंबून. बॅगेत प्लास्टिकच्या पिशवीत सुके मोजे. ऑफिसला पोचलास की बदल. मी गेली कित्येक वर्षं हेच करतो, लोक हसतात.

पार्लेपुडा | बुधवार, सायंकाळी ६:४०

बरं, गरम पाणी मागे घेतो. पण एक विचारतो. माझ्या मेहुण्याच्या मानेवर काळा, मखमलीसारखा जाड पट्टा आहे, काखेतही. सगळे म्हणतात मळ आहे, घासतो बिचारा दगडाने. हे पण फंगस?

सालपट | बुधवार, रात्री ९:१५

नाही, आणि घासणं आधी थांबवा. वर्णनावरून अकॅन्थोसिस नायग्रिकन्स वाटतं. शरीर इन्सुलिनला दाद देत नाही तेव्हा अशी कातडी होते, सोबत मानेवर बारीक मस पण येतात. संसर्ग नाही, कुणाला लागत नाही, मलमाने जात नाही. मेहुण्यांची साखर तपासली आहे का?

पाऊसवेडी | गुरुवार, रात्री १०:२०

बाबा तयार झाले! कारण सांगते, कडूकारलं ह्यांचा प्रतिसाद नवऱ्याने त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "इतकं सगळं लोक लिहितात?" म्हणाले आणि सकाळी सहालाच चप्पल घालून बसले.

जांघ न धुता नेली. त्वचा विभागात दिवा लावला आणि खरंच लाल चमकलं, नवरा सांगतो बाबा स्वतःच वाकून बघत होते. पण मांडीकडच्या कडेला खरवडलं तिथे बुरशीही निघाली. म्हणजे दोन्ही. जिवाणूसाठी क्लिंडामायसिन लावायला दिलंय, बुरशीसाठी इट्राकोनाझोल आणि वेगळं मलम. गोळीवाले काकांचं ऐकून सगळ्या पट्ट्या नेल्या होत्या, डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल थांबवायला आणि कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल आमच्या फिजिशियनला विचारायला सांगितलं. मलम चट्ट्याच्या बाहेर दोन बोटं लावायचं आणि बरं दिसल्यावरही चालू ठेवायचं. घरात अजून कुणाला खाज आहे का विचारलं, तर नवरा गप्प! त्यालाही निघालं. एकच पंचा दोघं वापरतात.

एचबीएवनसी १०.४. फिजिशियन चांगलेच ओरडले.

पायाचं जास्त गंभीर आहे. पायाच्या ओपीडीत प्लॅस्टिकचा बारीक धागा तळव्याला टेकवून विचारलं, कळतंय का. डाव्या पायाच्या पुढच्या भागात बाबांना कळलंच नाही. चिरेभोवती लाली होती ती पेनाने आखून दिली, रेषेबाहेर गेली तर लगेच यायचं. अँटिबायोटिक सुरू आहे.

जुनी_सिस्टर | शुक्रवार, सकाळी ७:३०

छान झालं. आता ती चीर का महत्त्वाची ते सांगते, बाबांनाही वाचून दाखवा. बेचक्यातल्या त्या फटीतून जंतू आत शिरतो आणि पोटरीपर्यंत पाय लालबुंद होऊन सुजतो. सेल्युलायटिस. वॉर्डातले निम्मे असे पाय बेचक्यापासून सुरू झालेले असायचे. थंडी वाजून ताप, लाली रेषा ओलांडून वर, किंवा दिसतंय त्याच्या मानाने वेदना भयंकर आणि कातडीवर काळसर फोड: सरळ इमर्जन्सी.

आणि हिंदमाता बंद. अगदी बंद. उघडी चीर असलेला पाय साचलेल्या पाण्यात म्हणजे लेप्टोच्या तापाला आमंत्रण. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्यानंतर आमच्याकडे तापाचे रुग्ण कसे आले ते मी विसरणार नाही. उंदराची लघवी त्या पाण्यात असते. कधी जावंच लागलं आणि पायाला जखम असेल तर घरी येऊन साबणाने पाय धुवा आणि पालिका सांगते तसं २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना गाठून प्रतिबंधक गोळी विचारा. स्वतः घेऊ नका.

चाळीत उंदीर असतातच. बधिर पायाच्या बोटाला रात्री उंदीर चावला आणि सकाळी रक्त बघून कळलं, असेही रुग्ण येतात. झोपताना पाय नीट झाकायचे, खाण्याचं काही अंथरुणाजवळ नको.

निनावी_बाई | शुक्रवार, दुपारी १२:१५

मी काल गेले. डॉक्टर बाई होत्या. बघून म्हणाल्या अगदी नेहमीचं आहे, आणि मला किती मोकळं वाटलं सांगू. फिजिशियनशीही बोलले. गोळी तूर्तास तीच, पुन्हा झालं तर बदलणार. सुती पट्टीने कालपासूनच आग कमी आहे.

पाऊसवेडी | शुक्रवार, रात्री ९:००

सिस्टर, भाजी आता मी आणते. एक पेच उरलाय. बाबा दरवर्षी गणपतीत अनवाणी दर्शनाला जातात, रांगेत तासन्‌तास, आणि विसर्जनाला गिरगाव चौपाटीपर्यंत. ह्या वर्षी नाही म्हटलं तर घरात महाभारत होईल.

कडूकारलं | शुक्रवार, रात्री ९:२०

लालबागकरांना हे सांगायचं म्हणजे कठीणच. माझे वडील नवस बोलले होते चपला न घालण्याचा. मंडळाच्या म्हाताऱ्या कार्यकर्त्याने त्यांना सांगितलं, "काका, पाय कापला तर पुढच्या वर्षी कोण येणार?" ते ऐकलं. आमचं कुणी ऐकत नव्हतं. बाबांच्या वयाचा, मंडळातला कुणी गाठा.

सालपट | शुक्रवार, रात्री १०:०५

चौपाटीच्या वाळूत काच, टाचण्या, आणि पाण्यात स्टिंग रे मासे. २०१३ च्या विसर्जनात गिरगावला त्यांनी किती लोकांना डंख मारले होते ते आठवत असेल. बधिर पाय तिथे अनवाणी नको, देव रागावणार नाही. चीर भरेपर्यंत तर प्रश्नच नाही. भरल्यावर जायचं असेल तर मोजे आणि मऊ चप्पल घालून, छोट्या रांगेच्या वेळी, घरी आल्यावर दोन्ही पाय तपासून.

पाऊसवेडी | शनिवार, सकाळी ८:३०

ती मऊ चप्पल म्हणजे कुठली? पायाच्या ओपीडीत एमसीआर असं काहीतरी म्हणाले. रबरी स्लिपर चालणार नाही का?

जुनी_सिस्टर | शनिवार, सकाळी ९:१०

बोटात पट्टा अडकणारी स्लिपर नको, तो नेमका त्याच बेचक्यात घासतो. एमसीआर म्हणजे मऊ सूक्ष्मछिद्री रबराचा तळ असलेली, मागे पट्टा असलेली चप्पल. मोठ्या रुग्णालयांच्या पायाच्या विभागात माप घेऊन करून देतात किंवा दुकानाचं नाव लिहून देतात. माप द्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय सुजतो, सकाळी बरोबर बसलेली चप्पल संध्याकाळी चावते आणि बाबांना ते कळणार नाही. नवी चप्पल पहिले काही दिवस घरातच, अर्ध्या-अर्ध्या तासाने काढून पाय बघायचा. घालण्याआधी रोज आत हात फिरवून खडा, खिळा बघायचा. आणि पायाच्या लालीचं काय, पेनाच्या रेषेच्या आत आली का बाहेर?

पाऊसवेडी | शनिवार, सकाळी ९:२५

आत आली. बोटभर तरी.